दाब बघायला येणारे काका

आमच्याकडे आले की काका आधी थेट बाथरूममध्ये शिरायचे. गैरसमज नको. चपला दाराशी काढायच्या, पिशवी खांद्यावर तशीच, आणि मान वर करून हीटरच्या नळीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघायचं. मग आतून आवाज यायचा, "चढलाय लेकाचा!" आणि खरं सांगतो, त्या आवाजात काळजीपेक्षा आनंदच जास्त असायचा.

तो काटा त्यांनीच बसवला होता. परदेशात, हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात मी अकाउंट्समध्ये, ते टेक्निकलला. त्याआधी पंचवीस वर्षं जहाजावर इंजिनियर. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत काकू गेल्या. लेक इंग्लंडला. मग मोठा फ्लॅट विकून ते तोआ पायोहला एका चिनी आँटीकडे खोली घेऊन राहिले. एकदा मी ती खोली बघितली. एक खाट, एक खुर्ची. आपण खुर्चीवर बसलो की त्यांनी खाटेवर बसायचं. आँटी भली बाई, पण दोघांचं बोलणं दिवसातून चार शब्द, तेही गॅस बंद केलात का एवढ्यापुरतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आम्ही पासिर रिसला नुकते राहायला गेलो होतो. तिसरा मजला, पाणी असं जोरात यायचं की नळ सोडला की माणूस भिजलाच. हीटर तापला की दाब आणखी वाढायचा आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून टपटप सुरू. बायकोनं वैतागून त्या नळीत माझ्या जुन्या बनियनचा बोळा कोंबला. काय डोकं चालवलंय, असं म्हणून मी ते फोनवर काकांना कौतुकानं सांगितलं.

पलीकडे एकदम कडक आवाज, "हीटर बंद करा. आत्ता. मी येतोय."

आले. बोळा उपसून बायकोसमोर धरला. "सूनबाई, हे गळतंय म्हणून तुम्ही दोघं जिवंत आहात! कुकरची शिट्टी वाजते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवता का?"

ती बिचारी ओशाळून चहा टाकायला पळाली.

तेव्हापासून दर रविवारी दहाला काका हजर. वरचं पाणी बंद करायचं, व्हॉल्व्हची दांडी उचलायची, बादलीत पाणी सोडायचं आणि काटा सहावरून तीनवर उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं. "जहाजावरच्या बॉयलरपुढे हा म्हणजे नुसता तांब्या," असंही दरवेळी म्हणायचे. मग चहा. दोन कप पुरे, तिसरा अर्धा. तांबड्या समुद्रात बॉयलर कसा तापला होता ती गोष्ट आम्ही निदान नऊ वेळा ऐकली, आणि दरवेळी त्यात एक नवा खलाशी भाजायचा.

बारा वाजले की उठायचे. "चला, काम झालं."

"अहो काका, जेवून जा."

"जेवायला नव्हतो आलो, दाब बघायला आलो होतो."

पक्का पुणेकर! कामाशिवाय कुणाकडे जायचं नाही आणि काम झाल्यावर क्षणभर रेंगाळायचं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही स्वतःच असाल.

एका रविवारी ते आले तेच गुडघा धरून. ते गेल्यावर बायको म्हणाली, "किती राबवतोय आपण म्हाताऱ्या माणसाला! तासभर एमआरटीची गाडी, वर ते पान्यांचं ओझं." मलाही लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला. त्यानं बाहेरच्या नळीवर दाब कमी करणारा एक मुठीएवढा व्हॉल्व्ह बसवला. अर्ध्या तासाचं काम. काटा तीनवर आला आणि तिथेच बसला.

रविवारी काका आत गेले. आवाज नाही. मी डोकावलो, तर ते काट्याला टिचकी मारून बघत होते.

"काका, आता तुम्हाला अजिबात त्रास नाही!" मी म्हणालो. अगदी अभिमानानं म्हणालो हो. कुणी तेव्हा माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती.

"व्यवस्थित बसवलाय," ते म्हणाले. "असाच हवा." चहा एकच कप घेतला. "तरीही येत जा हं," असं बायको म्हणाली, पण दार लावता लावता म्हणतात ना, तसं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला.

"काही बिघडलंय का?"

"नाही हो, सहज केला. या ना एकदा."

"काही बिघडलं नाही ना? मग छान." आणि फोन ठेवला.

पंचवीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला तो मुठीएवढा व्हॉल्व्ह माहीत नसेल? हे माझ्या डोक्यात यायला महिना जावा लागला. तरी त्याबद्दल ते आम्हाला कधी एका शब्दानंही बोलले नव्हते. आणि आम्ही, त्यांना त्रास नको म्हणून, त्यांचा रविवारच काढून घेतला होता.

मग एका रविवारी सकाळी मी स्टुलावर चढलो आणि पान्यानं त्या व्हॉल्व्हचा स्क्रू स्वतःच्या हातानं पिळला. हीटर लावला. काटा चार, पाच करत सहावर गेला आणि टपटप सुरू झाली. बायको टाळ्या पिटायचीच बाकी होती. मी धावत जाऊन फोन लावला.

आँटीनं उचलला. "अंकल गो इंग्लंड ऑलरेडी. ट्यूजडे. डॉटर कम, टेक हिम."

आम्हाला का नाही सांगितलं, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"आय टेल हिम, गो सी युअर फ्रेंड," ती म्हणाली. "ही से, देअर हाउस नो प्रॉब्लेम ऑलरेडी, नो नीड डिस्टर्ब लाह."

फोन ठेवून वळलो, तर बायको बादली घेऊन उभी. "किती वाजता येतायत?"

मला रडू आलं.