वॅक्सने पेट्रोल वाचतं म्हणे

माझ्या ताईच्या नवऱ्याला मी एकदा चारचौघांत तोंडघशी पाडलं आणि त्याचा मला आजही आनंद आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको.

दसऱ्याची सकाळ होती. ताईच्या परळच्या टॉवरमध्ये दसऱ्याला पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांची एकत्र पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, फोटो. मी आणि बाबा लालबागहून गेलो होतो. बाबांनी उभं आयुष्य काळी-पिवळी टॅक्सी चालवली, म्हणून नारळ फोडायचा मान त्यांना दिला होता. भावोजींची गाडी नुकतीच वॅक्स, म्हणजे मेणाचं पॉलिश, करून आली होती आणि ते शेजाऱ्यांना त्याचं शास्त्र समजावत होते. भावोजी इंजिनियर आहेत. कशाचे, ते मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही, पण बोलतात सगळ्यातलं.

"वॅक्स केल्यापासून मायलेज वाढलंय," ते म्हणाले. "बॉडी गुळगुळीत असली की हवा सरसर कापली जाते. इंजिनवर लोड येत नाही."

बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, वॅक्सने रंग टिकतो. पेट्रोल वाचवायचं तर टायरातली हवा बघायची आणि पाय हलका ठेवायचा."

भावोजी हसले. "बाबा, टॅक्सी चालवणं वेगळं आणि सायन्स वेगळं. तुम्ही आपला नारळ फोडा."

सगळे खो खो हसले. ताई माळ नीट करायच्या निमित्ताने वाकली ती वर बघेचना. आमच्याकडे जावयाला उलट बोलायची पद्धत नाही. जावई दारात आला की बाबा अजून खुर्चीतून उठून उभे राहतात. त्यांनी मान खाली घातली आणि नारळ फोडला.

त्या दिवसानंतर बाबा बदलले. त्याआधी आमच्या बिल्डिंगमधली माणसं गाडी घेताना, विकताना, गाडीतून कुठूनसा आवाज यायला लागला की आधी बाबांना खाली बोलवायची. बाबा बॉनेटला कान लावून उभे राहायचे आणि नेमका कुठला पार्ट कुरकुरतोय ते सांगायचे. रिटायर झालेल्या माणसाला याहून मोठी इज्जत ती काय असणार? दसऱ्यानंतर दुसऱ्या मजल्यावरचे काका क्लच दाखवायला आले तर बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "माका काय कळता? मेकॅनिकाक इचार." काका बिचारे चहा न घेताच गेले. बाबांनी माझ्या सेकंडहँड गाडीकडेही बघणं सोडलं. एरवी रोज सकाळी खाली जाऊन तिला फडकं मारायचे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वयाने मोठ्या माणसाचा शब्द असा नारळासारखा आपटायचा, आणि वर पेढा खाऊन मोकळं व्हायचं? मी ठरवलं, या माणसाला त्याच पार्किंगमध्ये, त्याच लोकांसमोर बाबांची माफी मागायला लावायची. त्याशिवाय दिवाळीचा फराळ माझ्या घशाखाली उतरणार नव्हता.

मी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. भावोजी, प्रयोग करून बघू. गाडी माझी. एका रविवारी आहे तशी मळकी चालवायची, पुढच्या रविवारी तुम्ही म्हणाल तिथून वॅक्स करून. तोच रस्ता, तीच वेळ, तीच तीन माणसं. मायलेज वाढलं तर मी ग्रुपवर तुमच्या सायन्सला साष्टांग नमस्कार घालीन. नाही वाढलं तर पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचं, बाबांचं बरोबर होतं.

भावोजींनी अंगठा पाठवला. त्यांना आपण हरू असं कधी वाटतच नाही.

बाबा यायला तयार नव्हते. "कित्या उगाच?" एवढंच म्हणत राहिले. शेवटी गाडी मी चालवली तर प्रयोग फुकट जाईल असं म्हणून त्यांना बाहेर काढलं. एकदा स्टिअरिंगवर बसल्यावर मात्र नियम त्यांनीच घातले. वडाळ्याच्या एकाच पंपावर, एकाच मशीनवर टाकी भरायची. नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, वरून थेंब मारायचा नाही. एसी बंद, काचा बंद. मग फ्रीवेवरून दक्षिणेच्या टोकापर्यंत जाऊन परत, अशा चार फेऱ्या, वेगाचा काटा एकाच जागी ठेवून. शेवटी पुन्हा टाकी भरायची आणि किती पेट्रोल आत गेलं ते बघायचं. टॅक्सीवाले मायलेज असंच काढतात. भावोजी पुढच्या सीटवर घामाघूम होऊन बसले होते. मागे बसून त्यांची भिजलेली कॉलर बघताना मला फार बरं वाटत होतं. पंपावरच्या बाईंनी शेवटचा आकडा सांगितला, तो आम्ही तिघांनी लिहून घेतला.

शनिवारी अँटॉप हिलच्या दुकानातून गाडी वॅक्स होऊन आली. माझीच गाडी मला ओळखू येईना. बॉनेटवरून हात फिरवला तर घसरत गेला. खरंच हवा कापली गेली तर? मी मोबाइलवर शोधायला बसले. कोणी म्हणत होतं फरक पडतो, कोणी म्हणत होतं काही नाही. इंग्रजी शब्द सगळे भावोजींच्या तोंडी असतात तसलेच. बाबा पुन्हा हरले तर ते कायमचे गप्प होतील, एवढंच मला दिसत होतं.

संध्याकाळी बाबा आरतीला गेल्यावर मी खाली उतरले, केसातली पिन काढली आणि चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडली. बघणाऱ्याला कळू नये इतकीच. हवा फुसफुसत बाहेर येत होती आणि मी मनात म्हणत होते, घ्या भावोजी, घ्या सायन्स. लाज म्हणाल तर तेव्हा अजिबात वाटली नाही.

रविवारी सकाळी भावोजी पंपावर भेटणार होते. बाबा खाली आले, गाडीभोवती फिरले, एकेका टायरला टाच मारली. गाडी काढली आणि वडाळ्याऐवजी सरळ रे रोडला एका पंक्चरवाल्याकडे नेली. स्वतः उभं राहून चारही टायरांत हवा भरून घेतली, मागच्या रविवारी होती तेवढीच. मी आत बसून मोबाइल बघत असल्याचं नाटक केलं.

चार फेऱ्या झाल्या. टाकी भरली. पंपावरच्या बाईंनी आकडा सांगितला. दोन रविवारांत चहाच्या कपभर पेट्रोलाचाही फरक नव्हता.

भावोजींनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग सिग्नलला. फ्रीवेवर सिग्नल नाहीत याची मी त्यांना मुद्दाम ग्रुपवर आठवण करून दिली. पाडव्याला ताईकडे गेलो तेव्हा पार्किंगमध्ये तेच शेजारी जमले होते. मी त्यांना एकेकाला फोन करून बोलावलं होतं. भावोजी लाल झाले होते. नवीन कुडत्याची बटणं चाचपत म्हणाले, "बाबांचं बरोबर होतं. मी तसं बोलायला नको होतं. सॉरी बाबा." मी त्यांना मुद्दाम दोनदा बोलायला लावलं, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लगेच एका गृहस्थाने बाबांना आपल्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं आणि बाबा कान लावून उभे राहिले. मी ताईच्या हातच्या दोन करंज्या तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या.

परत येताना गाडीत मी विचारलं, "काय बाबा, झालं ना मनासारखं?"

बाबा समोर बघत म्हणाले, "जावयाक माझा बोलणा पटूक नाय, ता ठीक. तो परको."

त्यांनी गिअर बदलला.

"तू हवा सोडलंस. म्हणजे तुकाय खरा वाटूक नाय."

इंजिनियर आणि टॅक्सीवाला समोरासमोर आले तर टॅक्सीवालाच हरणार, असं हवा सोडताना माझ्या मनात पक्कं होतं, आणि तो टॅक्सीवाला माझा बाप होता. भावोजींना मी माफी मागायला लावली. माझी अजून मागून झालेली नाही.