कोंबड्यांना वारा, पोरीला कडी

आमच्या यांनी जन्मात माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही. एरवी मी सोडून देते. पण लातूरच्या त्या खोलीत गोष्ट पोरीच्या जिवावर बेतली होती, आणि तरीही हे ती पाहुण्यांना हसत हसत सांगतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलगी बारावीला होती. किल्लारीच्या बाजूच्या आमच्या गावात शेती आणि पोल्ट्री. क्लास मात्र लातूरला. म्हणून एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली भाड्यानं घेऊन मी तिच्याजवळ राहिले. हे गावाकडं कोंबड्या सांभाळायचे आणि रविवारी जीपनं भाजी, ज्वारीचं पीठ घेऊन यायचे. त्या हिवाळ्यात पत्रा असा गार पडायचा की सकाळी पोरीच्या हातात पेन राहायचा नाही. ती बापाला म्हणाली, बोटं आखडतात. झालं! पुढच्या रविवारी पोल्ट्रीतला हीटर जीपच्या टपावरून खोलीत आला.

आडवं नळकांडं, पोटात रॉकेल, मागं विजेचा पंखा आणि पुढच्या तोंडातून भणभणता गरम वारा. गावात त्याला तोफ म्हणायचे. थंडीत पिल्लं गारठू नयेत म्हणून घेतलेली ती वस्तू. मी बघितल्याबरोबर म्हणाले, "अहो, हे घरात लावायचं न्हाई."

"का? कोंबडीची पिल्लं मरत न्हाईत, पोरगी काय मरते?"

आता काय बोलावं? पोल्ट्रीला चारी बाजूंनी जाळी. कितीही थंडी असो, हे स्वतः गोणपाटाचा पडदा वरून वीतभर खाली सोडायचे, धूर कोंडला की पिल्लं माना टाकतात म्हणून. रॉकेल भरायचं ते हीटर बंद करून, गार झाल्यावर, शेडच्या बाहेर नेऊन. समोर भुसा दिसला तर गड्यावर खेकसायचे. एवढं सगळं कोंबड्यांसाठी कळत होतं. इथं दहा पावलांची खोली, एक खिडकी, तिला पडदा आणि पडद्याजवळ पुस्तकांची चळत. मी म्हणाले, लावायचाच असेल तर दार आणि खिडकी उघडी पाहिजे. पोरगी म्हणाली, "आई, मग ऊब राहील का गं?" वाऱ्यानं दार आपटतं म्हणून मी बाहेर गेले की ती आतून कडी घालायची आणि आवाजावर उपाय म्हणून कानात कापूस.

मी ओरडले की दोघं एकमेकांकडं बघायचे. हे म्हणायचे, "भूकंपाचं हिच्या डोक्यातून जातच न्हाई."

भूकंपात माझी आई कडी लावलेल्या दाराआड गाडली गेली. त्यानंतर मी घरात असताना दाराला आतून कडी लावू देत नाही, हे खरं आहे. पण म्हणून माझं प्रत्येक बोलणं भूकंपाचंच कसं? बाईला एकदा भीती वाटली की तिची अक्कल कायमची गेली असं धरून चालायचं का? मी खिडकी उघडायची, पोरगी लावून घ्यायची. पालथ्या घड्यावर पाणी.

आठवडाभरात तिचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, डोळ्यांवर झापड. घरमालकीण म्हणाली पित्त. हे फोनवर म्हणाले टेन्शन. मी हीटरचं नाव काढलं तर म्हणाले, "तू पुन्हा तेच काढलंस!" आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. लातूरला पाणी आलं की हातातलं सगळं टाकून पळावं लागतं. मी खिडकी सताड उघडून खाली गेले. हे नुकतेच आले होते, घरमालकाबरोबर ओट्यावर चहा पीत बसले. रांगेतून घागर भरून वर येते तो खिडकी बंद, दाराला कडी आणि आत हीटर भणभणतोय. हाका मारल्या. दार बडवलं. यांना बोलावलं, तर जिना चढता चढता म्हणतात, "अभ्यासात असंल. कानात कापूस हाय तिच्या."

तेव्हासुद्धा!

मी भरली घागर खिडकीवर घातली. काच फुटली, पण हात कडीपर्यंत पोचेना. पोरगी पुस्तकावर डोकं ठेवून पडलेली दिसली. चेहरा छान गुलाबी, आणि मी एवढी किंचाळते आहे तरी हलत नाही. मग यांनी लाथ घातली आणि कडी स्क्रूसकट निघाली. तिला ओढत उघड्या गच्चीवर आणलं. बऱ्याच वेळानं ती ओकली आणि डोळे किलकिले केले. दवाखान्यात ऑक्सिजन लावताना डॉक्टर म्हणाले, हा गुलाबीपणा विषारी वायूचा, आणि विचारलं, "खोलीत हवा यायला काही उघडं होतं का?" उत्तर मीच दिलं.

हीटर परत पोल्ट्रीत गेला. पोरगी बरी झाली, परीक्षा दिली, आता नोकरीला आहे. आणि यांची गोष्ट तयार झाली: "हिला भूकंपाचं भ्या, म्हणून आमची पोरगी वाचली बघा." पाहुणे हसतात. मी म्हणते, भ्या नव्हतं, मला कळत होतं. ते आणखी हसतात.

मागच्या दिवाळीत पुन्हा तेच सुरू झालं. मी चिडून पोरीला म्हणाले, "तूच सांग गं त्यांना, काय झालं होतं ते."

ती लाडू खात होती. म्हणाली, "मला काय आठवतच न्हाई, आई. हाका न्हाई, काच फुटल्याली न्हाई. लई छान झोप लागली होती, एवढंच."

पाहुणे हसले. मी यांच्याकडं पाहिलं. हे हसत नव्हते.