फॉगर बंद पडले ते तीन दिवस

माझी जाऊ मला पहिल्यापासून आवडत नव्हती, असं काही नाही. पहिले आठ दिवस आवडली होती. मग एका सकाळी ती नर्सरीच्या ऑफिसात आली, कॉम्प्युटरकडे बघून हसली आणि म्हणाली, "ताई, हा अजून चालतो?" त्या 'अजून'पासून आमचं बिनसलं. म्हणजे माझ्या बाजूनं बिनसलं. तिला त्याचा पत्ताही नसेल, असं मी धरून चालले होते.

आमची नर्सरी निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. शेतकरी बी आणून देतात, आम्ही ट्रेमध्ये रोपं तयार करून देतो. मिरची, टोमॅटो, ढोबळी, कलिंगड. पॉलिहाऊसच्या छताला फॉगर आहेत, पाण्याचं बारीक धुकं सोडणारे. उन्हाळ्यात ते दर थोड्या वेळानं सोडावे लागतात, नाहीतर कोवळी रोपं माना टाकतात. कधी सोडायचं आणि किती सेकंद, हे कॉम्प्युटर ठरवायचा, आणि कॉम्प्युटर बघायचं काम माझं. बारावी आणि इंदापूरला केलेला तीन महिन्यांचा कोर्स एवढ्या भांडवलावर मी त्या खुर्चीत बसले होते, कारण लग्न होऊन आले तेव्हा घरात दुसऱ्या कुणाला माऊस धरता येत नव्हता. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा आल्यागेल्याला सांगायचे, "मशीन आमच्या मोठीचंच ऐकतंय. दुसऱ्या कुनाचं न्हाय." पाहुणे आले की मी चहा स्वतः घेऊन बाहेर जायची, ते हे वाक्य ऐकायला.

जाऊ बारामतीची. कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून, मग माझ्या दिराशी लग्न करून इकडे आलेली. गोरी आहे, तेही मी चालवून घेतलं असतं. पण स्वयंपाकही चांगला करते, याला काय म्हणावं? खंडेनवमीला आम्ही पंप, ट्रॅक्टर, फवारणीचे पंप आणि कॉम्प्युटर यांची पूजा करतो. कॉम्प्युटरला कुंकू लावायचा मान माझा. मागच्या वर्षी मामा म्हणाले, "औंदा धाकटीला लावू दे. शिकल्याली हाय." मी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी राहिले आणि तिनं बोट बुडवून मॉनिटरच्या कडेला टिळा लावला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडावर मात्र हसू ठेवलं, फोटो काढत होते म्हणून.

चैत्रात फॉगरच्या कंपनीचा फोन आला, की प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे, आता सगळं मोबाईलवरून चालवता येईल. मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता धाकटीला म्हणाले, "तू बघ गं ते." मी खुर्चीवरून उठले. कुणी उठवलं नव्हतं, तरी उठले.

तिनं सकाळीच काम सुरू केलं. नव्या प्रोग्रॅमनं आधी जुना काढून टाकला आणि मग स्वतः बसायला नकार दिला. त्याला लागणारा एक भाग कॉम्प्युटरमध्ये नव्हता. तो भाग आणला तर तो म्हणाला, तुमचं विंडोजच जुनं आहे, आधी ते ताजं करा. ते ताजं करायला गेली तर डिस्कवर जागा नाही. सातबाऱ्यावर नाव लावायला गेलं की तलाठी एक कागद मागतो आणि त्या कागदासाठी आणखी दोन कागद लागतात, अगदी तसं चाललं होतं. आता जुनं गेलेलं आणि नवं बसत नाही, म्हणून फॉगर बंद. ऊन तर डोक्यावर आलेलं. मामा म्हणाले, "तवर हातानं चालवू. मोठे, तू कॉकवर थांब."

म्हणजे ती पंख्याखाली खुर्चीत, आणि मी पॉलिहाऊसच्या दारात घड्याळ बघत उभी. दर दहा मिनिटांनी कॉक उघडायचा, मनात तीस आकडे मोजायचे, बंद करायचा. समोर ऑफिसची काच. काचेतून तिची वेणी दिसायची आणि अधूनमधून कपाळाला लावलेला हात. तो हात कपाळाला गेला की मला गार वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आता मला काय माहीत होतं ते सांगते. पाच वर्षांपूर्वी असंच एकदा विंडोज आपोआप ताजं झालं होतं आणि फॉगर चालू-बंद करणारी पेटी कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली होती. पेटीपासून कॉम्प्युटरपर्यंत एक जुनी केबल येते. त्या केबलला चालवणारी छोटी फाईल नवी आली आणि तिनं आमच्या जुन्या केबलला ओळखच दाखवली नाही. तेव्हा कंपनीच्या माणसानं दोन तास फोनवर राहून माझ्याकडून जुनी फाईल परत बसवून घेतली, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून विंडोजचं ताजं होणंच कायमचं बंद करून ठेवायला सांगितलं. ती जुनी फाईल मी जपून ठेवली होती, माझ्या मुलीच्या बारशाच्या फोटोंमध्ये, कारण फोटो कुणी पुसत नाही. सोबत एक चिठ्ठीही टाइप करून ठेवली होती, फाईल कशी बसवायची त्याची. एवढं सगळं मला ठाऊक होतं आणि मी कॉकवर उभी होते. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण कुणी विचारलं नाही, म्हणून राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जागा रिकामी करून, सगळं ताजं करून, नवा प्रोग्रॅम अखेर बसवला. मामा उठून ऑफिसच्या दारात गेले. आणि पेटी दिसेना. केबलच्या नावापुढं पिवळं चिन्ह आलं. मला ते लांबूनच कळलं, कारण तिनं केबल काढून पुन्हा लावली, मग पुन्हा काढली. मी कॉक सोडून ऑफिसात गेले. पाणी प्यायचं निमित्त केलं आणि ते पिवळं चिन्ह डोळे भरून पाहिलं.

तिनं मान वळवून विचारलं, "ताई, हे आधी कधी झालं होतं का? तुम्ही इतकी वर्षं बघताय."

सरळ प्रश्न होता. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "न्हाय बाई. मला काय कळतंय त्यातलं? मी आपली बटनं दाबनारी."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि परत मॉनिटरकडे वळली. मी तिथंच रेंगाळले. ती हे करून बघते, ते करून बघते, काही चालत नाही, आणि मी तांब्या हातात घेऊन मागं उभी. इतकं सुख मला माहेरी गेल्यावरही झालेलं आठवत नाही. शेवटी मामाच म्हणाले, "मोठे, कॉक?"

पाऊण तास झाला होता. धावत गेले. मधल्या टेबलांवरची रोपं तरली होती. पत्र्याच्या बाजूची दोन टेबलं मात्र गेली. ढोबळीची होती ती, कळस गावच्या एका शेतकऱ्याची, आदल्याच दिवशी अंधाऱ्या खोलीतून उगवून बाहेर काढलेली. देठ दोऱ्यासारखे झाले होते आणि पानं ट्रेला चिकटली होती. मी कॉक उघडून कितीतरी वेळ धुकं सोडलं, पण मान टाकलेलं एवढंसं रोप परत उठत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, तरी सोडत राहिले.

मामा आले, बघितलं, एक ट्रे उचलून परत ठेवला. बाहेर जाऊन त्यांनी शेतकऱ्याला फोन लावला. "चूक आमची हाय, दादा. दोन टेबलं उन्हानं गेली. तुमी बियानं पुन्ना आना, पैसं आमी देतो, म्होरल्या लॉटात आधी तुमचं घेतो." मामा उभ्या आयुष्यात कुणाला वाकून बोललेले मी ऐकले नव्हते. फोनवर बोलताना त्यांनी टोपी काढून काखेत धरली होती, जणू माणूस समोरच उभा आहे.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी ठरवलंही. ऑफिसच्या दारापर्यंत गेले. पण आता सांगायचं म्हणजे मघाशी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार, आणि दोन टेबलं का गेली तेही. मी परत फिरले आणि संध्याकाळपर्यंत कॉकवरून हलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ दिराच्या मोटरसायकलवर बारामतीला गेली. अकराच्या आत परत आली, हातात छोटी पिशवी. पिशवीत एक नवी केबल. जुनी काढली, नवी लावली, आणि पाच मिनिटांत फॉगर सुटले. मी दारातच भिजले. पाच वर्षं मी ती जुनी फाईल जपली, विंडोजचं ताजं होणं बंद ठेवलं, पुसणाऱ्यांपासून फोटो राखले. केबलच बदलावी, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मामांनी मोबाईलवर बोट ठेवून फॉगर चालू केले, बंद केले, परत चालू केले. "बघा की," ते स्वतःशीच म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले का तिच्याकडे, ते मी पाहिलंच नाही. मी गेलेल्या ट्रेमधली रोपं उपसायला बसले होते. कुणीतरी ते करायलाच हवं होतं.

थोड्या वेळानं ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि दुसरा ट्रे पुढं ओढला. चार-पाच रोपं उपसून झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तुमची फाईल मला परवाच सापडली होती. बारशाच्या फोटोंत. जागा करायला फोटो माझ्या लॅपटॉपवर घेत होते तेव्हा. चिठ्ठी पण वाचली."

माझ्या हातातलं रोप हातातच राहिलं. "मग काल इचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगताय का ते बघायला."

"आनि वापरली का न्हाईस? कालच झालं असतं की."

ती ट्रेकडे बघूनच बोलली. "वापरली असती तर मामा काय म्हणाले असते? शेवटी मोठीचंच कामाला आलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी ते, मशीन मोठीचंच ऐकतं. एवढी शिकून आले आणि या घरात मशीनसुद्धा तुमचं. म्हटलं, तुमच्या फाईलशिवाय चालू करून दाखवीन." मग पुढचं रोप उपसत म्हणाली, "तुम्हाला उन्हात उभं राहायला लागतंय ते दिसत होतं मला काचेतून. म्हटलं, राहू दे."

मला संताप यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या आधी आनंद झाला. इंजिनिअर, गोरी, पुण्यात नोकरी केलेली बाई, आणि जळते कुणावर, तर माझ्यावर! तो आनंद मी अर्धा मिनिट पुरता उपभोगला. मग समोरच्या ट्रेवर नजर गेली. आठ दिवसांची रोपं होती ती. काल पिवळं चिन्ह आल्याबरोबर तिनं फाईल बसवली असती तर, किंवा मी तोंड उघडलं असतं तर, ही आत्ता हिरवीगार उभी असती. तिलाही तेच दिसत असावं, कारण ती रोपं उपसायची थांबली होती.

मामा मोबाईल खिशात टाकत आले आणि आमच्या मागं उभे राहिले. दोघींना शेजारी शेजारी बसलेलं त्यांनी प्रथमच पाहिलं असेल.

"पोरींनो, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष न्हाय," ते म्हणाले. "ऊनच लई हाय औंदा. व्हय का न्हाय?"

"व्हय मामा," आम्ही दोघी म्हणालो.

माझा आवाज जरा कापला. तिचा अजिबात कापला नाही, आणि मेलं तेवढ्यातही मला वाटलं, हिला हेसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमतं.