येटोळं

कुसुमवहिनी रोपांशी बोलायची. प्लास्टिकची पिशवी उभी चिरून काढली, की ती मातीचा गोळा मांडीवर आडवा घ्यायची, तळाशी गोल गुंडाळलेलं मूळ बोटाने सोडवायची आणि म्हणायची, "पाय मोकये कर आता. लय दिवस मांडी घालून बसली." मग ब्लेडने ते वेटोळं छाटून टाकायची. ती त्याला 'येटोळं' म्हणायची. गिऱ्हाईक नवं असलं, तर एक रोप असं फोडून दाखवल्याशिवाय बाकीची रोपं गाडीत चढू द्यायची नाही.

रिसोड रस्त्यावरची ती नर्सरी माझ्या बाबांची. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मी वनस्पतिशास्त्र शिकले, जवळच्याच शाळेत शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, घरातच राहिले. बाबा मला हाक मारायचे ती चष्मा शोधायला. रोपांचं काही असलं की, "सूनबाई, पाह्य बरं जरा." बाबांनी आपली विद्या मला न देता तिला दिली, असं मी धरून चालले होते. ते मला सलत असे.

एकदा गिऱ्हाइकासमोरच मी म्हणाले, "वहिनी, सोटमूळ दुखावलं तर झाड मरतं. पुस्तकात आहे."

वहिनीने हातातलं काम थांबवलं नाही. "असंन ना, ताई. पुस्तकातल्या झाडाले पिशवी नसंन."

गिऱ्हाईक हसलं. बाबाही हसले. बाबांचं हसणं मी विसरले नाही.

त्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाला मी दहा कडुलिंब लावले. वहिनीला बोलावलं नाही. पिशव्या काढल्या आणि गोळे जसेच्या तसे खड्ड्यात ठेवले. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, तेव्हा मी बाबांना मुद्दाम नेऊन दाखवली. पुढे एका उन्हाळी वावटळीत त्यातली सहा आडवी झाली. वहिनी बघायला आली. तिने एका झाडाच्या बुडाची माती झटकली. मुळं अजून पिशवीच्याच आकाराची होती, तळाशी तसंच येटोळं, आता बोटाएवढं जाड.

"पिशवी तुमी काढली, ताई," ती हळूच म्हणाली, "पण यानं सोडलीच नाई."

घरी बाबांनी विचारलं तेव्हा मात्र ती म्हणाली, "मामाजी, वाराच लय होता." तिने मला सांभाळून घेतलं, याचा मला अधिकच राग आला. महिनाभर मी नर्सरीत पाऊल टाकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काविळीने वहिनी गेली. जूनमध्ये कारंज्याहून एक शेतकरी बांधावर लावायला चिंचेची रोपं न्यायला आला. भाऊ बाहेरगावी होता. मी एक रोप मांडीवर घेतलं, पिशवी चिरली, मूळ सोडवलं, येटोळं छाटलं. इतकी वर्षं दुरून बघून हाताला ते ठाऊक झालं होतं.

"हात साफ हाय तुमचा, ताई," तो म्हणाला. "कोनाजवळून शिकल्या?"

तिचं नाव जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "बाबांकडून."

बाबा शेजारी खुर्चीत बसले होते. "माह्याकडून?" ते म्हणाले. "मी तं रोपं तशीच देत होतो. हे रीत सूनबाईनं मायेरून आनली. मले तिनंच शिकवलं."

गाडी गेल्यावर मी विचारलं, "मग मला का नाही शिकवलं तिनं?"

"म्या म्हनलं होतं तिले, पोरीले बी दाखव. तं म्हने, ताई मास्तरीन हायेत, मी कायले सांगू? त्यायनं इचारलं तं सांगीन."

अठरा वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात होतो. मी विचारलं नव्हतं. पण तेव्हा मनात आधी आलं ते हे नाही. 'मले तिनंच शिकवलं' म्हणताना बाबांचा आवाज भरून आला होता. आधी मला त्याचाच हेवा वाटला. रडू मागाहून आलं.