पाचव्या दिवशी लाल झालेला डोळा

"ताई, सासूबाईंचा डोळा लाल झालाय. दुखतोय, आणि धूसर दिसतंय म्हणतात."

फोन अमळनेरहून होता, वत्सलाअक्कांच्या सुनेचा. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस होता. मी धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. ऑपरेशननंतरच्या या दिवसांत लाल, दुखतोय आणि धूसर हे तीन शब्द एकत्र ऐकले की आम्हाला एकच शंका येते. डोळ्याच्या आत जंतू शिरले असतील तर एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते. जंतू अवजारांवाटेही शिरतात, आणि अवजारं निर्जंतुक करणं माझं काम.

तिला लगेच निघायला सांगितलं. फोन ठेवला आणि ऑपरेशनचा दिवस आठवला. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर अवजारं निर्जंतुक करायचं मशीन, चालू असतानाच लाइट गेली होती. लाइट आल्यावर मी मशीनची पूर्ण फेरी पहिल्यापासून लावली, हे नक्की. पण आत ठेवलेली कागदी पट्टी बघितली होती का? वाफ नीट पोचली की ती काळी होते. काही केल्या आठवेना.

गप्प राहावं, असं क्षणभर मनात आलं. मग केबिनमध्ये जाऊन आमच्या डॉक्टर सरांना सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

"रजिस्टर आणा," एवढंच म्हणाले.

त्या दिवसाच्या पानावर पट्टी चिकटवलेली होती, काळी झालेली. खाली माझीच सही. तरी माझा त्या पट्टीवर विश्वास बसेना. सरांनी त्या दिवशीच्या बाकी चार पेशंटनाही फोन लावायला सांगितले. एकाने तिसऱ्या वेळी फोन उचलला. चौघंही ठीक होते.

अक्का दोन तासांनी पोचल्या. डोळ्यातून पाणी वाहत होतं. तपासणीच्या खुर्चीत बसताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि अहिराणीत हळूच विचारलं, "ताई, मना डोया जाई का?"

मी त्यांची हनुवटी तपासणीच्या मशीनवर टेकवली.

सरांनी स्लिट लॅम्पच्या दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. मग रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पुन्हा बघितलं. शेवटी म्हणाले, "आत स्वच्छ आहे. डोळा कोरडा पडलाय."

म्हणजे जंतू नव्हते. अक्कांना मात्र पटेना. पाणी वाहतंय आणि डॉक्टर कोरडा कसा म्हणतात? सरांनी समजावलं. ऑपरेशनच्या छेदाने बुबुळावरच्या बारीक नसा तुटतात, डोळ्यावरचा ओलावा बिघडतो. मग डोळा खुपतो आणि खुपला की पाणी येतं. मग वाहणारं पाणी टिपून, बधिर करायचा थेंब टाकून पापणीत टिपकागदाचा तुकडा पाच मिनिटं ठेवला, तर जेमतेम कडेला भिजला. दुसऱ्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याचंही तेच. म्हणजे अक्कांचे डोळे आधीपासूनच कोरडे होते. आम्ही बघितलंच नव्हतं.

अश्रूंसारखे थेंब दिले, पंख्यासमोर बसू नका म्हणून बजावलं. डोळा पूर्ण शांत व्हायला अडीच महिने लागले. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला अक्कांनी अजून होकार दिलेला नाही.

ऑपरेशनआधी आम्ही शुगर, बीपी, भिंगाचा नंबर सगळं तपासायचो. आता डोळ्याचा ओलावाही तपासतो. पाच मिनिटं लागतात.