तेलाच्या टाकीतली चिंधी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही – आणि ती चिंधी तर तिच्याच हातची. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर दोनदा उठून पाणी पिऊन आलो. तहान नव्हती.

मिरजोळ्याला माझं गॅरेज आहे. ट्रकची कामं, त्यातही जास्त करून पॉवर स्टिअरिंगची. लांज्याहून, पालीहून गाड्या येतात, कारण माझा कान तयार आहे म्हणतात. पंपाचा आवाज आहे की पट्टा घसरतोय, हे मी गाडी फाटकातून आत येईपर्यंत सांगायचो. या कानाचा मला माज होता. माज म्हणजे – कुणी तीच तक्रार दुसऱ्यांदा केली तर मला राग यायचा. माझ्यावर संशय घेतोस काय, असा.

शांतारामदादा चिऱ्याचा ट्रक चालवायचे. खाणीतून जांभा चिरा भरायचा आणि गावोगावच्या बांधकामांवर नेऊन उतरवायचा. खाणीतून वर येणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल, चढ आणि चढावरच वळण. भरल्या ट्रकची चाकं तिथे माणसाच्या जोरावर वळत नाहीत. पंप तेल दाबतो, त्या तेलाच्या दाबावर चाकं वळतात. माणूस नुसता इशारा करतो. तीस वर्षं दादा तो इशारा करत आले होते आणि गाडीला कुठे साधा ओरखडा नव्हता.

एका मार्चमध्ये मी त्या गाडीचं स्टिअरिंगचं तेल बदललं. टाकी रिकामी केली, आतून पुसली, नवा फिल्टर, नवं तेल. आठ दिवसांनी दादा परत आले. चढावर स्टिअरिंग मधेच जड होतं म्हणाले, अंगाचा भार टाकावा लागतो. मी तपासलं. तेल बरोबर, पट्टा ताठ, टायरमध्ये हवा बरोबर. पुढची चाकं जॅकवर घेऊन दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं. दादा म्हणाले,

“रिकाम्या गाडीत काय कळनार, मिस्त्री? एकदा भरल्या गाडीत माज्या बाजूला बस.”

गेलो का मी? खाण गॅरेजपासून अर्ध्या तासावर होती. ते दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले – मी जागचा हललो नाही. तिसऱ्या वेळी तर मी खाली वाकून पाहिलंही नाही, उभ्या उभ्याच 'काही नाही' म्हणालो.

मग एका वाडीत वळताना ट्रक सरळ गेला आणि एका घराच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, चढला. दगड अंगणात पडले. हंडा घेऊन एक बाई तिथून नुकतीच घरात गेली होती. नुकतीच म्हणजे, हंडा अजून तिच्या डोक्यावरच होता.

ट्रकचे मालक गाडी घेऊन माझ्याकडे आले. दोष गाडीत की माणसात, एवढंच त्यांनी विचारलं. दादा तिथेच उभे होते, आणखी दोन ड्रायव्हर होते. मी म्हणालो, “गाडी ठीक आहे. दादांच्या हातात आता जोर राहिला नाही.” सगळ्यांसमोर. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं का? वाटत असावं. इथपर्यंतचं मी एक वेळ स्वतःला – नाही, ते राहू दे.

 दादांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, जसे काही ते कुणाला दिसू नयेत.

चार दिवसांनी नवा ड्रायव्हर तीच गाडी घेऊन आला. तरणा, पैलवानासारखा. चढावर स्टिअरिंग जड होतं, म्हणाला.  मी त्याला चहाला पाठवलं आणि टाकी उघडली. फिल्टर काढला. त्याच्या खाली, तेलात, चिंधी होती. निळ्या चौकड्याची, माझ्या जुन्या लुंगीची. लुंगी फाटली तेव्हा पांढरा दोरा संपला होता म्हणून बायकोने पिवळ्या दोऱ्याने ठिगळ लावलं होतं. तो पिवळा दोरा तसाच्या तसा. टाकी पुसताना मीच ती आत विसरलो होतो. इंजिन जोरात चाललं, पंपाने तेल ओढलं, की ती जाऊन पंपाच्या नळीच्या तोंडावर बसायची. तेल अडायचं. इंजिन मंद झालं की सुटायची. गॅरेजमध्ये इंजिन मंदच असायचं.

तेव्हा सांगता आलं असतं. दादा अजून घरीच बसले होते, मालकाने माणूसही नुकता बदलला होता. एक फोन. पण मालकाच्या तिन्ही गाड्या माझ्याकडे येत होत्या, आणि खरं सांगायचं तर गाड्यांपेक्षाही मला माझं नाव जाण्याची भीती वाटली. हसतील. टाकीत चिंधी विसरणारा मिस्त्री. मी चिंधी पिळून खिशात घातली. ड्रायव्हर आल्यावर म्हणालो, पट्टा थोडा ताणलाय, आता बघ. त्याला गाडी हलकी लागली. तो मला मानतो आजही.

दादांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. लायसन्सची मुदत संपली, ती वाढवली नाही. मुलाने छोटा टेम्पो घेतला, त्यात ते बाजूला बसतात, हात मांडीवर ठेवून. आता एका आंब्याच्या बागेची राखण करतात. आणि दर मे महिन्यात माझ्याकडे फणस घेऊन येतात. “तू वेळेवर सांगितलंस, मिस्त्री. ती बाय वाचली, पन पुडच्या खेपेला कोनतरी गेलं असतं माज्या हातून.” सात वर्षं मी हे ऐकतोय आणि फणस घरी नेतोय. बायको म्हणते, किती भला माणूस.

चिंधी मी टाकली नाही. गॅरेजच्या टेबलाच्या खणात आहे, पान्यांच्या मागे. का ठेवलीय? माहीत नाही. दिवसातून एकदा तरी तो खण उघडून बघतो आणि मग उगाचच गॅरेजभर फिरत राहतो.

गेल्या मे महिन्यात दादा आले तेव्हा मी एका ट्रकखाली अडकलो होतो. स्टिअरिंगचा डबा चढवायचा होता. सगळं जड लोखंड, दोन माणसांचं काम, आणि मी एकटा. दादांनी फणस बाजूला ठेवला, आत सरकले आणि डबा उचलून धरला. चारही बोल्ट लागेपर्यंत. हात जरासुद्धा थरथरला नाही.

बाहेर येऊन ते हात पुसत होते. पुसता पुसता थांबले, तळव्यांकडे बघत राहिले.

“तेवा माज्या हातातला जोर खरंच गेला होता ना रे?”

खण दोन पावलांवर होता.

“गेला होता, दादा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, फणस पिकलाय, आताच कापूया, सुरी दे. सुरी त्याच खणात असते. मी शेजारच्या टायरवाल्याकडून मागून आणली.