चांदण्यांसाठी तीन शिट्ट्या

ही वही कुणी उघडलीच तर आधीच माफी मागते. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या वर्गातच राहिलं.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मुलाकडे आल्यापासून माझी एकच मैत्रीण. शेजारची माओरी बाई, न्यूझीलंडची. ती फोनमध्ये इंग्रजी बोलते, फोन मला मराठीत सांगतो. मी फोनलाही लाजते.

आपल्या कृत्तिका पहाटे पुन्हा दिसू लागल्या की माओरींचं नवं वर्ष. मी सहा चांदण्या मोजते, ती नऊ. त्या पहाटे रताळी शिजवून वाफ चांदण्यांकडे सोडायची आणि वर्षभरात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. मग ते माणूस वर पोचतं. यंदा तिची आई गेली होती.

"वाफ भरपूर हवी," ती म्हणाली.

"ते माझ्यावर सोड," म्हणत मी कुकर घेऊन गेले.

पहाटे साडेचारला तिच्या घराबाहेरच्या लाकडी डेकवरच्या शेगडीवर कुकर चढवला. शिट्टीचा विचार दोघींनीही केला नव्हता. पहिल्या शिट्टीला कुत्री उठली. दुसरीला समोरचे दिवे लागले. तिसरीला एक गृहस्थ चड्डीवरच बाहेर येऊन ओरडू लागले. जन्मात माझा आवाज शेजारी गेला नाही, कुकरचा सगळ्या गल्लीत गेला.

मी गॅस बंद केला. पूर्वेला फटफटत होतं.

"चांदण्या चालल्या! उघड ना!" ती रडवेली झाली.

"आत्ता उघडला तर झाकणासकट आपणच वर जाऊ."

एरवी मी घरात पळाले असते. पण मग तिची आई खालीच राहिली असती. गृहस्थांकडे पाठ केली आणि चिमट्यानं शिट्टी उचलली. फुस्स करून वाफ सरळ वर गेली. तिनं आईचं नाव दोनदा मोठ्यानं घेतलं. नंतर रताळी खाताना आम्हाला हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात वसाहतीच्या कमिटीनं तिला पन्नास डॉलर दंड लावला.

"मी देणार," मी म्हटलं.

"राहू दे. आई माझी होती."

"आणि शिट्टी कुणाची होती?"

ती ऐकेना, म्हणून कुकरची शिट्टीच तिच्याकडे तारण ठेवली. घरी सुनेला सांगितलं, शिट्टी सापडत नाही, आणि डाळ पातेल्यात शिजवू लागले. मुलगा दर रविवारी कॉफीसाठी पाच डॉलर देतो. दहा रविवार कॉफी प्यायले नाही.

काल शेवटची नोट दिली. तिनं पन्नास पुरे मोजले आणि शिट्टी माझ्या हातावर ठेवली.